तेहतीसला तेहतीस

२ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

गाडीचं मागचं डावं चाक बसलंय. पूर्ण, रिमवर. स्क्रू घुसलाय. तोही बरोबर टायरच्या काठाला, जिथे नक्षी संपते तिथे.

बाबा म्हणाले, मामांकडे नेऊन टाक. मामा म्हणजे कोपऱ्यावरचे पंक्चरवाले. ते आईचेही मामा, बाबांचेही मामा आणि माझेही मामा. म्हणजे नातं काय होतं ते कोणी बघत नाही.

मी म्हणालो, नाही. पंक्चर मी काढणार. व्हिडिओ बघितलाय. साडेसहा मिनिटांचा आहे आणि पहिली दोन मिनिटं तो माणूस नुसता स्वतःबद्दल बोलतो. म्हणजे काम साडेचार मिनिटांचं.

आई म्हणाली, गिटार झाली, मग ती बिनमातीची पालेभाजी झाली, आता टायर. बाबा पेपरच्या मागून म्हणाले, याची कुठलीही गोष्ट तिसरा दिवस बघत नाही. पेपर खाली ठेवून म्हणाले असते तर उत्तर दिलं असतं. पेपरला काय उत्तर देणार?

संकल्प: हे टिकणार. रोज सकाळी सात वाजता प्रेशर मोजून इथे लिहायचं. प्लग, म्हणजे भोकात कोंबायची चिकट दोरी, टायरच्या आयुष्याइतका टिकतो असं व्हिडिओत म्हटलंय. मी प्रूफ देणार.

२ फेब्रुवारी, ११.४०

किट आणलं. एक कानशीसारखी खरखरीत सुई, एक नेढ्याची जाड सुई, पाच चिकट तपकिरी दोऱ्या, सोल्यूशनची ट्यूब. दुकानदार म्हणाला, आधी कधी केलंय का? मी म्हणालो, थिअरी पूर्ण झालीय.

२ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

झालं! साडेचार मिनिटांचं काम फक्त तीन तासांत.

स्क्रू उपटताना मी मागे पडलो, बाकी काही नाही. पहिली दोरी अख्खी आत गेली. सुईसकट जाणार होती, सुई वाचवली. ती दोरी आता टायरच्या आत आहे. आतून सपोर्ट देईल. दुसरी दोरी बरोबर बसली. साबणाचं पाणी टाकून चेक केलं. थोडे बुडबुडे आले. साबण आहे, बुडबुडे येणारच.

पायाने पंप मारून ३३ पीएसआय. बरोबर कंपनीने सांगितलंय तेवढं. टायरवर ताईच्या नेलपेंटने एक पांढरी चांदणी काढली. म्हणजे हा टायर कायम ओळखू येईल.

ताई खाली आली तेव्हा किटचा खोका वाचत उभी राहिली. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय की हा तात्पुरता उपाय आहे. मी म्हणालो, ते कंपन्या कायद्यासाठी लिहितात. ती म्हणाली, तात्पुरत्याबद्दल मला नको सांगूस, सहा वर्षं मी तीच आहे.

ताई कॉलेजात फिजिक्स शिकवते. दरवर्षी नवीन ऑर्डर, दरवर्षी सुट्टी लागली की घरी. २६ तारखेला तिचा पर्मनंट पोस्टचा इंटरव्ह्यू आहे, नव्वद किलोमीटरवर, साडेदहा वाजता. वयाच्या अटीमुळे हा शेवटचाच चान्स. ती टॅक्सी करणार म्हणाली. मी म्हणालो, घरात गाडी असताना टॅक्सी? मी सोडतो. याच टायरवर.

नेलपेंट परत मागितलं. दिलं. वाळलंय थोडं.

३ फेब्रुवारी, सकाळी ७

१९.

गेज स्वस्तातला आहे. शिवाय रात्री थंडी होती. थंडीत हवा आकसते, हे फिजिक्स आहे. ताईला विचारलं तर म्हणाली, एवढी आकसायला आपण पार्किंगमध्ये राहतो की फ्रीजमध्ये?

परत ३३ केलं.

४ फेब्रुवारी, सकाळी ७

१८.

मामांकडे गेलो. दाखवायला नाही, सहज. त्यांच्या पत्र्याच्या शेडसमोर गाडी थांबवली तर ते न वाकता, उभ्या उभ्या म्हणाले, काठाला आहे. दोरीने नाही राहायचं. काठ सारखा दबतो, दोरी ढिली होते. टायर उतरवून आतून पॅच मारावा लागेल. मी म्हणालो, पण व्हिडिओमध्ये राहिलं. ते म्हणाले, व्हिडिओ संपला तेव्हा राहिलं होतं, नंतरचं त्याने दाखवलं का?

मग मी त्यांना स्टँडर्ड आणि सेफ्टी फॅक्टर समजावून सांगितला. म्हणाले, टायरला इंग्लिश येत नाही दादा.

जुनी माणसं. बदलाला घाबरतात.

घरी येऊन पार्किंगमध्ये चाकाजवळ बसून राहिलो. चिंतन करत होतो. बाबा भाजीची पिशवी घेऊन आले, माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. म्हणाले, चल वर, जेवून घे. मी म्हणालो, उद्याचं रीडिंग झाल्यावर बघू. ते म्हणाले, म्हणजे उद्याही घेणार आहेस? मी म्हणालो, हो. ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

बाबा तसे सपोर्टिव्ह नाहीत. सवय नाही त्यांना.

५ फेब्रुवारी, सकाळी ७

३३!!!

काल रात्री ३३, आज सकाळी ३३. तेहतीसला तेहतीस! सोल्यूशनला सेट व्हायला अठ्ठेचाळीस तास लागतात हे आता सिद्ध झालं. व्हिडिओवाल्याला कळवायला हवं.

बाबांना सांगायला धावत वर गेलो. ते बाथरूममध्ये हात धूत होते, ब्रशने. आजपासून साडेपाचला फिरायला जायला लागलेत म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा. धापा टाकत होते. मी म्हणालो, पहिल्याच दिवशी इतकं चालू नये. म्हणाले, बघतो.

८ फेब्रुवारी

३३. ३३. ३३. ३३. चार दिवस ओळीने. ग्राफ काढला. एकदम सरळ आडवी रेघ. इतका सुंदर ग्राफ मी कॉलेजात कधी काढला नव्हता. तिथे रेघ वर जायची किंवा खाली, आणि सर ओरडायचे.

बाबांचं फिरणं चालू आहे. पोटऱ्या दुखतात म्हणतात. गंमत म्हणजे फक्त उजवीच. आई रोज रात्री तेल लावून देते. मी म्हणालो, बूट चुकीचे असतील. आई म्हणाली, बूट नाही रे बाबा, कार्टं चुकीचं आहे. मला म्हणाली की कोणाला, कळलं नाही. घरात कार्टं म्हणजे मीच, पण इथे माझा काय संबंध?

डिकीतला पंप उलटा ठेवलेला सापडला. मांजर असेल.

१० फेब्रुवारी, सकाळी ७.०५

३६.

काल ३३ होतं. प्रेशर वाढलंय. तीनदा मोजलं.

म्हणजे प्लग नुसती हवा धरून ठेवत नाही. हे त्याच्या पुढचं काहीतरी आहे. कदाचित आत गेलेली ती पहिली दोरी. तिच्यातून गॅस निघत असेल. पेटंटचं बघायला हवं.

नाश्त्याला सगळ्यांसमोर अनाउन्स केलं. ताई म्हणाली, अरे टायरमधली हवा कमी होते हे मी समजू शकते, ती वाढली कुठून? आणि मग ती बाबांकडे बघायला लागली. बाबांना चहाचा ठसका लागला. आईने त्यांच्या पाठीत इतक्या जोरात मारलं की कप सांडला. मग ताई पण हसायला लागली आणि उठून गेली. वैज्ञानिक माणूस असून असं वागणं बरं नव्हे.

११ फेब्रुवारी

३३. परत नॉर्मल. कालचा गॅस संपला असेल.

१३ फेब्रुवारी

बाबा ऑफिसच्या ट्रेनिंगला दोन दिवस बाहेरगावी. जाताना दारातच आईशी कुजबुजत होते. आई मोठ्याने म्हणाली, मी? या वयात? पुढे तिने डोळे मोठे केले आणि बाबांनी हात जोडले. नवरा-बायकोमधलं आहे, मी लक्ष दिलं नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७

२४. थोडा ड्रॉप.

आई सोफ्यावर आडवी. कंबर गेली म्हणाली. पार्किंगमधून जिने चढून आली म्हणे, लिफ्ट चालू असताना. मी म्हणालो, पार्किंगमध्ये काय काम होतं? तिने उशी फेकून मारली. घरातल्यांना व्यायामाचं वेड लागलंय आणि झेपत कोणाला नाही.

२४ रीडिंग ग्राफमध्ये घेतलं नाही. एक्स्पिरिमेंटल एरर.

१६ फेब्रुवारी

बाबा परत आले. ३३. बाबा फिरायला गेले. सगळं रुळावर.

आता फक्त आपल्या घरापुरतं ठेवणं स्वार्थीपणा होईल. तळमजल्यावरच्या डेंटिस्ट बाईंच्या गाडीचं पुढचं चाक सकाळी बसलं होतं. मामांना फोन करत होत्या. मी म्हणालो, मॅडम, फोन ठेवा. बारा दिवसांचा रेकॉर्ड आहे, ग्राफ दाखवू का? ग्राफ बघून त्यांनी फोन ठेवला. त्यांचंही काठालाच निघालं. आता हात बसलाय, पाऊण तासात काम झालं. त्यांच्याच अपॉइंटमेंटच्या कार्डामागे लिहून दिलं: लाइफटाइम गॅरंटी. सही केली. पहिली सही जी कोणीतरी जपून ठेवणार.

१७ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

डेंटिस्ट बाई दारात. टायर परत बसलाय. क्लिनिकला रिक्षाने चालल्या होत्या. म्हणाल्या, लाइफटाइम कोणाचं, डासाचं? मी म्हणालो, मॅडम, तुमची पार्किंगची पद्धत बघावी लागेल, कारण सेम प्लग माझ्या गाडीत टिकलाय. त्या म्हणाल्या, असं फिलिंग मी केलं असतं ना, तर पेशंटने माझंच बोट चावलं असतं.

बाबा माझ्यामागे उभे राहून ऐकत होते. मी म्हणालो, बघा ना बाबा, आपला टिकतो आणि यांचा नाही, फरक माणसात आहे. बाबा म्हणाले, हो, फरक माणसातच आहे. पहिल्यांदा त्यांनी माझ्याशी सहमती दाखवली. मग बाईंना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, रागाने नव्हे. म्हणाल्या, दात वगैरे दुखला तर ये हं, फुकट बघीन.

कौतुक कधी कुठून येईल सांगता येत नाही.

२० फेब्रुवारी

३३. रेघ सरळ.

मामांच्या शेडवरून चालत गेलो. मुद्दाम. म्हणालो, मामा, सोळावा दिवस, तेहतीसला तेहतीस. मामा एका ट्रकच्या चाकावर बसून बिडी पीत होते. म्हणाले, छान, वडील बरे आहेत ना? मी म्हणालो, बरे आहेत, पाय दुखतो थोडा. मामा म्हणाले, दुखणारच. त्यांना खोकला येईपर्यंत हसले. हरलेली माणसं अशी हसतात.

२३ फेब्रुवारी

ताई परत टॅक्सीचं काढून बसली. म्हणाली, बाकी दिवस काय वाटेल ते कर, पण त्या दिवशी नको. सहा वर्षांनी एक इंटरव्ह्यू आलाय रे. नोट्स वाचता वाचता ती नखं खात होती. पूर्वी कधी खायची नाही.

मी म्हणालो, म्हणूनच मी सोडणार. टॅक्सीवाल्याच्या टायरचा ग्राफ आहे का तुझ्याकडे? माझ्याकडे एकोणीस दिवसांचा आहे.

बाबांनी तिला किचनमध्ये बोलावलं. दार लावलं. पाच मिनिटांनी बाहेर आली ती एकदम तयार. म्हणाली, ठीक आहे, तूच सोड. बाबांचं तिच्यावर एवढं वजन पडेल असं वाटलं नव्हतं. तेही माझ्या बाजूने.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी

बाबा स्वतः गाडी धुवून आणतो म्हणून घेऊन गेले. आयुष्यात कधी गाडी धुतली नाही. दोन तासांनी आले, गाडी होती तशीच, चिखलासकट. म्हणाले, रांग होती. पण खुशीत होते. जेवताना दोनदा वाढून घेतलं. म्हणाले, उद्या मी फिरायला जाणार नाही बुवा, झोपणार.

उद्याचं प्लॅनिंग: चार पंचेचाळीसला उठणे. प्रेशर. सव्वासहाला निघणे. आठला पोचणे. अडीच तास हातात. ताईला तिथे नाश्ता द्यायचा, धीर द्यायचा.

२६ फेब्रुवारी, पहाटे ५.०५

बरं झालं लवकर उठलो! गोंधळ झाला होता!

मागच्या डाव्या चाकावर चांदणीच नाही. तिथे स्टेपनी लावलीय! आणि माझा टायर, चांदणीवाला, डिकीत पडलाय! धुणाऱ्या लोकांनी चाकं काढली असणार आणि लावताना अदलाबदल केली. बाबांच्या लक्षातही आलं नाही. कोणाच्या भरवशावर काही सोडण्यात अर्थ नाही.

माझ्या टायरमध्ये फक्त १४. काढताना हवा घालवली मेल्यांनी. बेजबाबदारपणाची कमाल आहे.

५.४०

जॅक लावला, स्टेपनी काढली, चांदणीवाला टायर जागेवर. ३५ भरलं, हायवेसाठी दोन जास्त. एकवीस दिवसांच्या रेकॉर्डनंतर आजच्याच दिवशी तो डिकीत असणं बरोबर नव्हतं.

ताईचा खोका मोठा आहे. इंटरव्ह्यूत डेमो लेक्चर द्यायचंय म्हणून पंप, काचेची बरणी, फुगे, स्टँड. स्टेपनीबरोबर डिकीत मावेना. स्टेपनी आणि पायाचा पंप काढून पार्किंगमध्ये खांबाला टेकवून ठेवले. नाहीतरी स्टेपनी बरोबर नेणं म्हणजे स्वतःच्या कामावर विश्वास नसणं.

६.१५

निघतोय. आईने डबा दिला. बाबा झोपलेत. तीन आठवड्यांत पहिल्यांदा निवांत घोरत होते, म्हणून उठवलं नाही.

२६ फेब्रुवारी, सकाळी ७.२५. रस्त्याच्या कडेला.

लिहितोय कारण करण्यासारखं दुसरं काही नाही.

पन्नासाव्या किलोमीटरला गाडी डावीकडे ओढायला लागली. ताई म्हणाली, गाडी डावीकडे जातेय. मी म्हणालो, रस्ताच तसा आहे. ती म्हणाली, रस्ता सरळ आहे. मी म्हणालो, तू नोट्स वाच. बावन्नला फड फड फड आवाज. ती म्हणाली, थांबव. मी म्हणालो, हेलिकॉप्टर असेल. तिने स्टिअरिंगवर हात घातला.

टायर पूर्ण बसलाय. तपकिरी दोरी बाहेर लोंबतेय.

७.३५

ताई शांतपणे म्हणाली, ठीक आहे, स्टेपनी लाव. मी लोंबणारी दोरी आत ढकलून बघितली. ती डिकीपाशी गेली. खोका बाहेर काढला. खाली बघितलं. परत माझ्याकडे बघितलं. म्हणाली, स्टेपनी कुठाय? मी म्हणालो, पार्किंगमध्ये, सुरक्षित आहे.

मग तिने विचारलं, आणि पुढे डावीकडे, मागे उजवीकडे वगैरे चाकं तरी आहेत का, की तीही घरी सुरक्षित आहेत?

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली नाही. रस्त्याच्या कडेला फाईल मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, साडेनऊला रिपोर्टिंग आहे रे. एवढंच.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

८.१०

बेचाळीस गाड्यांना हात केला. टॅक्सी कंपनीचा फोन लागत नाही. हवा भरून बघू म्हणालो, ताईच्या डेमोचा पंप खोक्यात आहे. तो सायकलचा निघाला. दोनशे वेळा मारला. रिम जरा वर उचललं गेल्यासारखं वाटलं. ताई म्हणाली, ते तू दमल्यामुळे वाकलायस म्हणून.

८.५०

ताई गेली! फर्निचरवाल्याचा टेम्पो थांबला. पुढे केबिनमध्ये ड्रायव्हर, त्याची बायको, दोन मुलं. मागे एक नवीन सोफा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, माल तिकडेच जातोय, मागे बसा. ताई सोफ्यावर बसली, मधोमध, मांडीवर फाईल, शेजारी खोका. टेम्पो निघाला तेव्हा ती उलट्या तोंडाने माझ्याकडेच बघत होती आणि लहान लहान होत गेली. मी हात हलवला. तिने हलवला नाही. सोफ्याला घट्ट धरलं होतं म्हणून असेल.

९.००

बाबांना फोन केला. म्हणालो, गंमत झाली. बाबा म्हणाले, पोचलात? मी म्हणालो, टायर बसला. बाबा म्हणाले, शक्यच नाही, स्टेपनी चांगली होती. मी म्हणालो, स्टेपनी नाही, माझा टायर. मी पहाटे परत लावला.

पलीकडे फोन धाडकन खाली पडला. मग आईचा आवाज आला, काय झालं हो, असे काय बसलात?

दुपारी १२.१५

बाबा आणि मामा आले. मामांच्या स्कूटरवर. बाबा मागे, दोघांच्या मध्ये स्टेपनी. बावन्न किलोमीटर. बाबा उतरले तेव्हा थोडा वेळ त्याच आकारात उभे राहिले.

मामांनी चाक बदललं, अकरा मिनिटांत. बदलता बदलता सगळं सांगून टाकलं. बाबा दोनदा म्हणाले, मामा, गप बसा हो. मामा म्हणाले, का गप बसू, तीन आठवडे तुम्ही रोज पहाटे पाय मारताय आणि हा मला ग्राफ दाखवतोय.

म्हणजे असं आहे. ५ तारखेपासून रोज साडेपाचला बाबा खाली जाऊन हवा भरत होते. मधले दोन दिवस आईने भरली. १० तारखेला गेज दिसला नाही, चष्मा वर राहिला होता, म्हणून ३६ झालं. गॅस नव्हता. काल मामांकडे नेऊन चाक मुद्दाम बदलून घेतलं होतं. आतून पॅच मारायचं मशीन बिघडलं होतं, म्हणून निदान ताईच्या दिवशी तरी स्टेपनीवर जाऊ दे, असा बेत. ताईला माहीत होतं. आईला माहीत होतं. डेंटिस्ट बाईंना माहीत होतं.

मी बाबांना म्हणालो, सांगायचं ना मग. बाबा रुमालाने हात पुसत म्हणाले, काय सांगायचं? पहिल्यांदाच तू एखादी गोष्ट चौथ्या दिवशी पण करत होतास. उठून सातला खाली जात होतास. म्हटलं चालतंय तोवर चालू दे.

मामा नट आवळत म्हणाले, आणि पाय बघा त्यांचा, सुजून केवढा झालाय.

परत येताना गाडी बाबांनी चालवली. क्लच डावीकडे असतो हे बरं आहे.

२७ फेब्रुवारी

ताई रात्री उशिरा बसने आली. पोचली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. दारावरच्या क्लार्कने यादीतून नाव कापलं होतं. मग तिने काय केलं, विचारलं तर म्हणाली, झोपते आता. दार लावून घेतलं.

मी दाराबाहेर दहा मिनिटं उभा होतो. वाजवलं नाही.

ग्राफ परत काढला, खरा. ३३ वरून १९, एका रात्रीत. प्लगचं आयुष्य: एक रात्र, तीही पूर्ण नाही. बाकीची रेघ बाबांच्या उजव्या पायाची आहे.

२८ फेब्रुवारी

ताईने आज नाश्त्याला सांगितलं. नाव कापल्यावर ती क्लार्कशी भांडली. इतकी की आतून पॅनेलचे चेअरमन बाहेर आले. काय झालं विचारलं. तिने सगळं सांगितलं, प्लग, चांदणी, ३६ पीएसआय, सोफा. चेअरमन म्हणाले, शेवटी बसा, वेळ उरला तर बघू. साडेचारला आत बोलावलं. म्हणाले, तुमचा ठरलेला टॉपिक राहू दे, भोक पडलेल्या टायरमध्ये प्रेशर वाढतं असं एखादा विद्यार्थी म्हणाला, तर त्याला कसं समजवाल? तिने खोक्यातली बरणी आणि फुगे काढले आणि वीस मिनिटं समजावलं. विद्यार्थ्याच्या जागी कोणाला ठेवून समजावलं ते सांगितलं नाही. पॅनेलमधल्या एक बाई डोळे पुसत होत्या म्हणे.

म्हणजे बघायला गेलं तर तिचं बेस्ट लेक्चर माझ्या एक्स्पिरिमेंटवर झालं. हे मी बोलून दाखवलं. आईने उशी शोधली.

१ मार्च

मामांचं मशीन दुरुस्त झालं. चांदणीवाला टायर घेऊन गेलो, चालत, ढकलत. मामांनी तो रिमवरून उतरवला, आतून माझी पहिली दोरी काढून हातात दिली, घासलं, पॅच मारला. विचारलं, हा किती दिवस टिकेल? मामांनी टायरच्या बाजूचे बारीक आकडे दाखवले. कुठल्या वर्षी बनला ते लिहिलेलं असतं म्हणे. नऊ वर्षांचा आहे. म्हणाले, पॅचची काळजी करू नका दादा, तो या म्हाताऱ्याला पोचवून मगच येईल.

बाकीचे चारही त्याच वयाचे निघाले. व्हिडिओत हे आकडे बघायला कोणी सांगितलं नव्हतं.

बाबांना वर येऊन सांगितलं. ते पाय गरम पाण्यात घालून बसले होते. म्हणाले, मग आता रोज मोजणार का? मी म्हणालो, मोजू ना? म्हणाले, मोज, पण हवा तू भरायची.

९ मार्च

ताईचं झालं!! पर्मनंट! मेल आला. तिने तीनदा वाचला, मग बाबांनी वाचला, मग आईने चष्मा नसताना वाचला. ताईने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, तुला नंतर मारणार आहे.

संकल्प: जॉइनिंगला मी सोडणार. रीतसर. पाची टायर नवीन घेतले आहेत, स्टेपनी डिकीत, पंप डिकीत, जॅक डिकीत, मामांचा नंबर डॅशबोर्डवर चिकटवलाय. नऊ दिवसांत एकही रीडिंग चुकवलेलं नाही. या वेळी चुकायला जागाच नाही.

१५ मार्च, सकाळी ६.३०

ताईला सोडायला टॅक्सी आली. ताई, आई, बाबा, दोन बॅगा, एक गादी, पुस्तकांची तीन खोकी. मला जागा उरली नाही. मी म्हणालो, काही हरकत नाही, मी आपली गाडी काढतो, मागून येतो.

ताई नको म्हणाली. आई नको म्हणाली. बाबा नको म्हणाले.

टॅक्सीवालाही नको म्हणाला. तो मला ओळखतही नाही.